निळं मेंढरू

आमच्या घरात नाताळची सुरुवात फराळाने होत नाही, कात्रीने होते. डिसेंबर लागला की पहिल्या रविवारी चर्चमधून आल्यावर सासूबाई कपाटावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा खाली काढायला लावायच्या. त्या डब्यात मागच्या वर्षी आम्हाला आलेली नाताळची कार्डं असत. नव्या वर्षाचा पहिला आठवडा ती पुढच्या खोलीत दोरीवर टांगलेली राहत, मग डब्यात जात आणि पुढच्या डिसेंबरात त्यांची कत्तल होई. कुणाच्या कार्डावरची सोनेरी किनार, कुणाची चांदणी, कुणाची घंटा असं सगळं कापून घ्यायचं, नव्या कार्डशीटवर खळीने चिकटवायचं, की आमची कार्डं तयार. ती ज्यांच्याकडे जात, तेही पुढच्या वर्षी त्यांना कात्री लावत. एखादी चांदणी श्रीरामपूर, मिरजगाव असं फिरून काही वर्षांनी परत आमच्याच दारात यायची आणि सासूबाई तिला ओळखायच्या. "ही माझीच. बघ, एक टोक आखूड आहे."

हा त्यांच्या माहेरचा रिवाज. त्यांच्या लहानपणी सोनेरी कागद फक्त लोकांच्या लग्नपत्रिकांवर मिळायचा, म्हणून गावात लग्न झालं की या पोरी पत्रिका गोळा करत हिंडायच्या. आता स्टेशनरीच्या दुकानात चकाकणाऱ्या कागदाचे ढीग असतात, पण सासूबाईंना ते चालत नाहीत. तयार कार्ड विकत आणणं म्हणजे घरात धडधाकट बाई असताना भाकरी हॉटेलातून आणणं, असं त्यांचं मत. फेविकॉलही त्यांना मान्य नाही. मैद्याची खळ शिजवायची, तिला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं, आणि मग दिवसभर घरात तो आंबूस वास घेऊन वावरायचं.

मी लग्न होऊन कोल्हारला आले तेव्हा मला वाटलं होतं, या कामात आपण छाप पाडू. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, फळ्यावर बरी चित्रं काढते, असा माझा समज होता. पहिल्या वर्षी मी मोठ्या हौसेने येशूच्या दर्शनाला निघालेले, उंटांवर बसलेले ज्ञानी लोक काढले. सासूबाईंनी चष्मा लावून ते कार्ड पाहिलं आणि नवऱ्याला विचारलं, "हे उंटावर बसलेत, की उंट यांच्यावर बसलाय?" त्या दिवसापासून माझ्याकडे फक्त खळ लावण्याचं काम आलं.

मग माझी लेक झाली आणि चित्रं काढायचा प्रश्नच मिटला.

ती रांगत होती त्या डिसेंबरातली गोष्ट. जमिनीवर पेपर पसरून आम्ही बसलो होतो. आकाश रंगवायला मी ताटलीत निळा पोस्टर रंग कालवला होता. ही बया कुठून आली, कुणाला कळलं नाही. तिने ताटलीत हात घातला आणि चर्चच्या पाळकसाहेबांसाठी केलेल्या कार्डावर, अगदी मधोमध, आपटला. मी ओरडले. नवरा हसायला लागला. सासूबाईंनी कार्ड उचललं, उलटं केलं, लांब धरून पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं, हे तर मेंढरू आहे!"

खरंच होतं. पंजा उलटा धरला की चार बोटांचे चार पाय होतात, तळव्याचं अंग आणि बाजूला निघालेला अंगठा म्हणजे मान. सासूबाईंनी त्या अंगठ्याला काळ्या शाईने एक डोळा काढला, एक कान काढला. बेथलेहेमचे मेंढपाळ रानात राहून रात्री कळप राखत होते, त्यांच्या कळपातलं एक मेंढरू कोल्हारला आलं होतं. पाळकसाहेबांनी ते कार्ड पुलपिटावरून, म्हणजे उपदेशाच्या चौथऱ्यावरून, सगळ्या मंडळीला दाखवलं.

तेव्हापासून आमच्या कार्डावर मेंढरूच. दर वर्षी लेकीचा हात ताटलीत बुडवायचा आणि कार्डावर उमटवायचा. पहिली दोन वर्षं मी तिचा हात धरून उमटवत होते. नंतर ती मला हात लावू देईना. "माझं मेंढरू आहे, मीच करणार." रंग मात्र तिला निळाच लागायचा. मी एकदा पांढरा कालवून ठेवला तर रुसून बसली. आमच्या इथे पावसाळा सरला की नगर-मनमाड रस्त्याच्या कडेने धनगरांचे कळप जातात, नदीकाठी बसतात. मी तिला पुलावर नेऊन दाखवलं, "बघ, आहे का यात एक तरी निळं?" तिने सगळा कळप नीट पाहिला. मग मला, माझ्या अकलेची कीव केल्यासारखं म्हणाली, "ही कोल्हारची आहेत, मम्मी. येशूच्या गावची निळी असतात."

ती सहा वर्षांची असताना, सप्टेंबरात, डेंग्यूने गेली.

याच्याविषयी मी फार लिहू शकत नाही आणि लिहायचंही नाही. ताप आला, उतरला, आम्हाला वाटलं सुटलो, आणि मग तिला नगरला न्यावं लागलं. तिथे मी तिच्या उशाशी बसून होते. एवढंच सांगते की तिच्या हाताला सलाईन लावलं होतं आणि तो हात सुजला. मग दुसऱ्या हाताला लावलं, तोही सुजला. चिकटपट्ट्यांतून बोटांची फक्त टोकं दिसायची, आणि तीसुद्धा तिची वाटायची नाहीत. पेरं दिसेनाशी झाली होती. कातडी ताणून चकाकत होती. मी शेवटपर्यंत तो हात धरून बसले होते, तोच हात धरून होते, आणि तो माझ्या लेकीचा हात नव्हता.

घरी परत आल्यावर डोळे मिटले की तो हात यायचा. तिचा चेहरा नाही, तिचं बोलणं नाही, फक्त तो फुगलेला हात. खडू उचलला तरी तो, पीठ मळायला घेतलं तरी तो. मंडळीतल्या बायका भेटायला यायच्या आणि म्हणायच्या, चांगली माणसं देवाला लवकर आवडतात. मी एकीला विचारलं, "मग तुम्ही अजून इथे कशा?" ती परत आली नाही. सासूबाईंनी मला बोल लावला नाही, हे विशेष. उलट ती बाई गेल्यावर म्हणाल्या, "चहाही न पिता गेली. वाचला."

त्या डिसेंबरात आमच्याकडे नाताळ नव्हता. आमच्यात ज्या घरात वर्षभरात मयत झालेली असते तिथे फराळ करत नाहीत, दारात चांदणी लावत नाहीत, कार्डं पाठवत नाहीत. लोक आपल्या घरचा फराळ आणून देतात. कार्ड मात्र कुणी देत नाही, कारण शुभेच्छा कशाच्या द्यायच्या? डिसेंबरचा पहिला रविवार आला. चर्चमधून आल्यावर सासूबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून निजल्या. डबा काढायला त्यांनी सांगितलं नाही. मीच स्टुलावर चढून काढला.

मला हात हवा होता. खरा, तिचा, सुजायच्या आधीचा. एकदा नीट पाहिला, त्यावर माझा हात ठेवला की डोळ्यांपुढचा तो दुसरा हात जाईल, अशी माझी समजूत झाली होती. कुठून झाली ते माहीत नाही, पण ती इतकी पक्की झाली होती की मला दुसरं काही सुचत नव्हतं.

मोबाईलमध्ये तिचे फोटो आहेत, शेकड्याने आहेत. पण फोटोतला हात केवढा ते कळत नाही. दोन बोटांनी ताणला की मोठा होतो, चिमटीत धरला की लहान होतो. मी एका दुपारी मोबाईल हातात घेऊन तिचा हात ताणत आणि लहान करत बसले, आणि शेवटी मला आठवेना की तो खरा केवढा होता. आईला आठवेना! मी फोन गादीवर फेकून दिला. तिच्या चपला आहेत, पण त्या दुकानदाराच्या मापाच्या, शिवाय एक आकडा मोठ्याच घेतलेल्या. बांगड्यांचंही तेच. तिचं असं नेमकं माप फक्त त्या मेंढरांत होतं.

डबा उघडला. आत लोकांची कार्डं होती. घंटा, मेणबत्त्या, कापूस लावलेली दाढी. आमचं एकही नव्हतं. कसं असेल? आपलं कार्ड आपल्याच घरात कोण ठेवतं? एवढ्या वर्षांत एक तरी मेंढरू मागे ठेवावं, हे आमच्या घरात कुणालाच सुचलं नव्हतं, कारण मेंढरं करणारी घरातच होती. पुढच्या वर्षी आणखी होणारच होती.

मी फोन करायला लागले. ज्यांना ज्यांना कार्डं गेली होती त्या सगळ्यांना विचारलं आणि सगळीकडून तेच उत्तर आलं. कापलं गं. म्हणजे, नेहमीसारखंच. कुणी म्हणालं, पाठीमागचा कागद चांगला होता म्हणून त्यावर आमची मेणबत्ती चिकटवली. कुणी रडायला लागलं. मला त्यांची समजूत काढावी लागली, हे आणखीच.

मिरजगावच्या माझ्या मावशीने मात्र सांगितलं की तिच्याकडे थोडंसं आहे. तिने एका कार्डाची उभी पट्टी कापून बायबलात खूण म्हणून ठेवली होती आणि त्या पट्टीवर एक पाय आला होता. म्हणजे एक बोट. मी म्हटलं, "मावशी, आत्ताच्या आत्ता फोटो पाठव. आणि शेजारी एक रुपयाचं नाणं ठेव, म्हणजे मला माप कळेल." मावशीचं वय झालंय, तिला मोबाईलचा सराव नाही. बऱ्याच वेळाने फोटो आला. तिने नाणं त्या बोटाच्या शेजारी नव्हे, बरोबर बोटावर ठेवलं होतं. नाण्याच्या खालून निळ्याची जराशी कड दिसत होती. मी हसले आणि मग मला रडू आलं. पुढच्या आठवड्यात मावशीने ती पट्टी कुणाबरोबर तरी पाठवली. करंगळी होती, तीही अर्धी. मी ती माझ्या करंगळीशेजारी धरली. करंगळीवरून हात कळत नाही.

मग श्रीरामपूरच्या नणंदेचा फोन आला. ती नवऱ्याची धाकटी बहीण. म्हणाली, "वहिनी, माझ्याकडे सगळी आहेत. सगळ्या वर्षांची. तुम्ही या."

शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्यावर आम्ही दोघं मोटरसायकलवर गेलो. वाटेत मी नवऱ्याच्या पाठीला डोकं टेकून बसले होते आणि मला चक्क आनंद झाला होता. कितीतरी दिवसांनी झाला होता. नणंदेने आम्हाला चहाही न विचारता पुढच्या खोलीत नेलं. तिथे कोपऱ्यात तिने गव्हाणीचा देखावा मांडला होता. पुठ्ठ्याचा गोठा, पेंढा, बाळ येशू, आणि समोर मेंढरांचा कळप. "ही बघा, तिची सगळी. एकही फेकलं नाही मी."

एकही फेकलं नव्हतं, हे खरं. प्रत्येक मेंढरू कडेकडेने कापून काढलेलं होतं, मागे काडी लावून उभं केलेलं होतं. आणि मेंढरू नीट दिसावं म्हणून तिने प्रत्येकाला सुधारलं होतं. पाय लांब वाटत होते म्हणून अर्ध्यावर कापले होते. अंगठ्याला तोंडाचा आकार दिला होता. तळव्यावर कापूस चिकटवला होता. भरपूर कापूस, छान गुबगुबीत. मी एक उचललं आणि नखाने कापूस सोडवायला लागले. कापसाबरोबर रंग निघाला, रंगाबरोबर कागदाचा पापुद्रा निघाला. मी दुसरं घेतलं. नणंद बघत होती. तिला काय वाटलं असेल, मला माहीत नाही. तिने प्रेमाने केलं होतं सगळं. शेवटी नवऱ्याने माझ्या हातातून ते मेंढरू काढून घेतलं, पुन्हा पेंढ्यावर ठेवलं आणि म्हणाला, "चल."

घरी आल्यावर सासूबाईंना सांगितलं. त्या खाटेवर उठून बसल्या. मग म्हणाल्या, "मी मेंढरू कशाला म्हटलं गं त्या दिवशी? हात म्हटलं असतं, तर कुणी कापला नसता."

त्यांचं खरं होतं. आमच्या लोकांपैकी कुणालाच त्या कार्डावर कधी हात दिसला नव्हता. मलासुद्धा नाही.

नाताळ अगदी तोंडावर आला होता. आमच्याकडे दूध येतं ते नदीकडच्या वस्तीवरून. ऊस आणि चार म्हशी असलेलं घर आहे. तिथल्या काकू आमच्या लेकीवर जीव टाकायच्या, कारण सकाळी बापाबरोबर दूध आणायला जायचा हट्ट ती कधी सोडायची नाही. नवरा एका सकाळी दुधाची किटली घेऊन आला आणि ती खाली न ठेवताच स्वयंपाकघरात उभा राहिला. "काकू विचारत होत्या, बाई एवढ्या वाळल्या का. मी सांगितलं, तू काय शोधतेस ते. त्या म्हणाल्या, त्यांच्याकडे एक आहे."

"त्यांना आपण कुठे कार्ड दिलं होतं?"

"आपण नाही. तिने दिलं होतं."

मग मला आठवलं, एका वर्षी एक कार्ड बिघडलं होतं, त्यावर रंग जास्त झाला होता. मी ते बाजूला टाकलं होतं. लेकीने उचललं असेल आणि सकाळी बापाच्या पुढे टाकीवर बसून ते काकूंना नेऊन दिलं असेल. ती तेव्हा चार वर्षांची होती.

मी शाळा सुटल्यावर तशीच वस्तीवर गेले. नवऱ्याची कामावरची पाळी होती, म्हणून पायीच गेले. काकू गोठ्यात होत्या, मला बघून हातातली वैरण टाकून आल्या. "या बाई, या. आदी हातपाय धुवा. लई उन्हातनं आलाय." उन्ह कसलं, डिसेंबर होता, पण माझ्या हाताला खडू होता आणि चेहराही काही बरा नसावा. त्यांनी तांब्याने माझ्या हातावर पाणी घातलं. मी हात धुतले, चेहरा धुतला, आणि पुसायच्या आधीच मला उघड्या दारातून आतली भिंत दिसली.

देव्हाऱ्याच्या शेजारी, भाताच्या शितांनी भिंतीलाच चिकटवलेलं ते कार्ड होतं. आणि मेंढरू नव्हतं. काकूंनी ते बोटं वर करून लावलं होतं. सरळ. डोळा नाही, कान नाही, कापूस नाही. पाच बोटं असलेला एक लहान निळा हात भिंतीवर उभा होता. मनगटाखाली कोऱ्या जागेत त्यांनी हळदीकुंकवाची बोटं लावलेली होती, निळ्या बोटांवर मात्र काहीच नव्हतं.

"काकू, हे मेंढरू आहे," मी म्हटलं. तोंडातून तेच आलं.

"मेंढरू?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "मला तर कवा दिसलंच न्हाई. मी म्हनलं लेकरानं हात दिलाय. दारावर लक्षुमीची पावलं आस्त्यात, तसा ह्यो लक्षुमीचा हात. दिवाळीला रंग दिला भिताडाला, तर तेवढी जागा सोडून दिला."

त्यांच्या भिंतीला गुलाबी रंग होता आणि कार्डाभोवती जुन्या पिवळ्या रंगाची एक चौकट राहिलेली होती. आमचे पाळकसाहेब तिथे असते तर कुंकवाबद्दल त्यांना काय वाटलं असतं कोण जाणे. मला त्या बाईच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

"काडून देऊ का?" काकू म्हणाल्या. "पर शितं लई घट्ट बसत्यात. फाटंल वो."

"नको," मी म्हटलं. "काढू नका. मी फक्त हात ठेवते."

मी पुढे झाले आणि माझा हात तिच्या हातावर ठेवला. तळव्यावर तळवा. तिची बोटं माझ्या बोटांच्या दुसऱ्या पेरापर्यंतही पोचत नव्हती. अंगठा बाहेर, जरा जास्तच बाहेर, ती तसाच धरायची. हेच. हेच माप. मी विसरले नव्हते, माझ्या तळहाताला सगळं माहीत होतं. मी डोळे मिटले आणि दाबून धरला. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. काकू मागे उभ्या होत्या, पदर तोंडाला लावून. म्हैस हंबरली. मी हात काढला.

माझा तळवा निळा झाला होता.

पोस्टर रंग पाण्यात कालवतात. वाळला तरी पाणी लागलं की सुटतो. मी शाळेत पोरांना दर वर्षी सांगते, ओला हात लावू नका रे, चित्र जाईल. माझा हात ओला होता. आधी नुकताच धुतलेला, आणि नंतर मी रडत होते तेही त्याच हाताने पुसलं होतं. भिंतीवरची बोटं एकमेकांत मिसळली होती. तळव्याचा एक निळसर डाग राहिला होता आणि त्यातून एक ओघळ खाली हळदीकुंकवापर्यंत गेला होता.

काकू पुढे आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझा खांदा धरला. "ऱ्हाऊ द्या बाई," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या. ह्यो बगा, अंगठा हाय अजून."

मी तो हात तसाच अर्धवट मिटून, कशाला लागू न देता, घरापर्यंत आणला. वाटेत ओळखीचे लोक भेटले, त्यांना मान हलवली. घरी सासूबाई एकट्या होत्या. त्यांना साखरेचा आजार आहे, संध्याकाळी जेवणाआधी इन्सुलिनचं इंजेक्शन घेतात. मला उशीर होईल हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी नेहमीच्या वेळी टोचून घेतलं होतं आणि आता त्यांना घाम फुटायला लागला होता. मी डाव्या हाताने गुळाचा खडा काढून दिला, त्यांनी तो चघळला. पण जेवण तर हवंच होतं. भाजी होती, भाकरी करायची होती. मी डाव्या हाताने पीठ मळून पाहिलं. डाव्या हाताने थापूनही पाहिली. कडा फाटल्या आणि परातीतून उचलताना तिचे दोन तुकडे झाले.

मी मोरीत गेले आणि हात धुतला. साबण लावला, कारण नुसत्या पाण्याने रेषांमधलं निघत नव्हतं. मग येऊन भाकऱ्या केल्या.

जेवताना सासूबाईंना बरं वाटायला लागलं. घाम थांबला. त्यांनी मला विचारलं, "दिसला का गं हात?"

"दिसला."

"केवढा होता?"

मी माझा तळहात त्यांच्यासमोर धरला आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने दाखवलं, इथून इथपर्यंत. अंगठा इकडे. सासूबाईंनी माझा हात दोन्ही हातांत घेतला, मी दाखवलेल्या रेषेवरून आपलं बोट फिरवलं, आणि डोळे मिटून बसल्या. त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. "हो," त्या म्हणाल्या. "आला बघ डोळ्यांपुढे. तस्साच. तुला दिसतो ना आता?"

मी डोळे मिटले. तोच आला, पट्ट्यांतला, पेरं नसलेला, ताणून चकाकणारा. मी थांबून पाहिलं, तो गेला नाही.

"दिसतो," मी म्हटलं, आणि त्यांच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.